पायलॉसचे कारकून काय लिहीत होते आणि काय नाही

प्रश्न असा आहे: क्रीट बेटावर आणि ग्रीसच्या मुख्य भूमीवर सव्वातीन हजार वर्षांहून जुन्या मातीच्या पाट्या हजारोंनी सापडल्या, त्यांची लिपी आज वाचताही येते, मग त्यांत राजांची नावं, लढाया, कथा, कायदे असं काहीच का नाही? लिहिता येत असूनही ही माणसं मेंढ्या आणि अंजीरच का मोजत बसली? जोडीला दोन उपप्रश्न आहेत: हे हिशेब प्रत्यक्षात ठेवायचे कसे, आणि ज्या राजवाड्यांत त्या सापडल्या ते जळण्याआधी येणाऱ्या संकटाची चाहूल या पाट्यांत दिसते का?

थोडक्यात उत्तर: या पाट्या जपून ठेवण्यासाठी लिहिलेल्याच नव्हत्या. तो चालू वर्षाचा कच्चा माल आहे आणि तो आगीमुळे चुकून आपल्या हाती आला. हे एकदा लक्षात घेतलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप जागच्या जागी बसतात.

मी ही लिपी, म्हणजे लिनिअर बी, बरीच वर्षं शिकवतो आहे. पहिल्या तासाला विद्यार्थ्यांच्या हातात भाषांतर देत नाही. पाटीचं छायाचित्र आणि रेखाचित्र देतो आणि विचारतो, खोडाखोड कुठे आहे? ओळ कुठे दाटून लिहिली आहे? कोणता आकडा नंतर भरलेला दिसतो? भाषांतरातली यादी दोन मिनिटांत कंटाळवाणी होते. खोडाखोड पाहिली की मात्र तिच्यामागचा कारकून दिसायला लागतो.

आता आगीबद्दल. पाट्या ओल्या मातीच्या, लिहून नुसत्या वाळवायच्या. भट्टीत भाजण्याची पद्धत या राजवाड्यांत नव्हती. वाळलेल्या पाटीवर पाणी पडलं की तिचा चिखल होतो. क्रीटमधल्या क्नोसोसच्या राजवाड्यात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी १९०० मध्ये उत्खनन सुरू केलं, त्या सुरुवातीच्या काळात कोठीचं छप्पर गळून काही पाट्यांचा खरोखरच लगदा झाला होता. जुनी पाटी नको झाली की ती भिजवून त्याच मातीची नवी वळता येत असे. म्हणजे गेल्या वर्षाच्या पाट्या या वर्षी शिल्लक राहण्याचं कारणच नव्हतं. राजवाडा जळाला तेव्हा त्या घटकेला ज्या पाट्या फडताळांत, टोपल्यांत आणि बाकांवर होत्या त्या भाजल्या गेल्या आणि टिकल्या. ज्या राजवाड्याला आग लागली नाही, त्याचे हिशेब मातीला मिळाले.

याचा पुरावा पाट्यांतच आहे. त्यांत कुठेही वर्षाचा आकडा नाही. अमुक राजाचं अमकं वर्ष, असंही नाही. ‘या वर्षीचं’ आणि ‘गेल्या वर्षीचं’ एवढेच शब्द येतात, कुठेकुठे महिन्याचं नाव येतं. त्याच काळात बाबिलोनियातला कारकून करारावर वर्ष घालत होता, कारण तो करार नातवाच्या काळातही उपयोगी पडणार होता. ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या पायलॉस राजवाड्यातल्या कारकुनाला वर्ष घालायची गरजच वाटली नाही. वर्ष एकच होतं, हे.

संख्या सांगायची तर क्नोसोसला तुकडे धरून तीन हजारांच्या पुढे पाट्या आहेत, पायलॉसला सुमारे हजार, ग्रीसमधल्याच थीब्जला काही शे, आणि मायसीनी, टिरिन्स, खानिया वगैरे ठिकाणी मोजक्या. लॅकोनियातल्या आयिओस वासिलिओसला २००८ पासून नव्या सापडू लागल्या, ही अलीकडची मोठी गोष्ट. क्नोसोसच्या सगळ्या पाट्या एका काळाच्या नाहीत. रथांच्या नोंदी असलेल्या खोलीतल्या पाट्या इ. स. पू. १४०० च्या आसपासच्या आहेत, तर पायलॉसचा राजवाडा इ. स. पू. १२०० च्या आगेमागे जळाला. पायलॉस अभ्यासाला सोयीचं ठिकाण आहे, कारण तिथला बहुतेक साठा एकाच आगीतला आणि एकाच जागेतला आहे. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगन यांनी ४ एप्रिल १९३९ ला पहिला चर खणला, तो नेमका राजवाड्याच्या प्रवेशाजवळच्या दोन लहान दप्तरखोल्यांवरून गेला. इतकं नशीब कुणाच्याही वाट्याला येत नाही. त्या एका हंगामात सुमारे सहाशे पाट्या निघाल्या, मग युद्ध सुरू झालं आणि त्या अथेन्समध्ये बँकेच्या तिजोरीत जाऊन बसल्या.

पाटी कशी बनायची ते सांगतो, कारण हिशेबाची पद्धत तिथूनच समजते. दोन आकार आहेत. एक लांबट, झाडाच्या पानासारखा, तळहातावर मावणारा. त्यावर एक किंवा दोन ओळी. दुसरा उभा, वहीच्या पानासारखा, आडव्या रेघा आखलेला. माती मळून पाटी वळणारा एक आणि लिहिणारा दुसरा, अशी विभागणी बऱ्याच ठिकाणी होती. पॉल ऑस्ट्रॉम आणि कार्ल-एरिक श्योक्विस्ट या दोघा स्वीडिश अभ्यासकांनी पाट्यांवर उमटलेले तळहाताचे ठसे तपासले. क्नोसोसच्या काही पाट्यांवर लहान मुलांचे हात आहेत. ती शिकाऊ होती की नुसती मातीकामाला लावलेली, हे ठशावरून कळत नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे.

लिहायला टोकदार काडी. मेसोपोटेमियात बोरू मातीत दाबून पाचरीसारख्या खुणा करत, इथे मातीवर ओरखडून रेघा काढत. माती ओली असतानाच सगळं लिहून व्हायला हवं. वाळली की संपलं, नवी नोंद घालता येत नाही. चुकलं तर बोटाने किंवा काडीच्या मागच्या टोकाने सपाट करून वरून लिहायचं. खालची खोडलेली चिन्हं कित्येकदा अजून वाचता येतात. जागा संपली तर ओळ कडेवर चढते, नाहीतर मजकूर पाठीवर जातो. क्नोसोसला काही पाट्या लिहून झाल्यावर कापलेल्या आहेत, आणि कापाच्या रेषा जुळवून दोन पाट्या मुळात एकच होत्या हे आम्ही दाखवू शकतो.

हस्ताक्षर ओळखता येतं. एमेट बेनेट यांनी पायलॉससाठी आणि पुढे १९६७ मध्ये जाँ-पिएर ऑलिव्हिए यांनी क्नोसोससाठी हे काम केलं. पायलॉसला निदान दोन डझन लिहिणारे हात वेगळे काढता येतात, क्नोसोसला त्याहून पुष्कळ जास्त. पायलॉसचा ‘हात क्रमांक १’ सर्वांत वरचा दिसतो. जमिनीपासून माणसांपर्यंत अनेक विषयांच्या नोंदी त्याने केल्या आहेत. पण त्याचं नाव माहीत नाही. एकाही कारकुनाने कुठेही सही केलेली नाही. जवळजवळ हजार पाट्यांत तांबट, मेंढपाळ, आंघोळीचं पाणी ओतणाऱ्या बायका, सगळ्यांचे धंदे येतात. ‘लेखनिक’ असा धंदा मात्र कुठे नोंदलेला नाही. मला वाटतं हे पगारी लेखनिक नव्हतेच. हे कारभारी होते, आपापल्या खात्याचे अधिकारी, आणि लिहिणं हा त्या कामाचा एक भाग होता.

लिपीबद्दल फार लांबण लावत नाही. सुमारे ८७ चिन्हं अक्षरांची, म्हणजे ‘का, के, की, को, कू’ अशी बाराखडीतली पूर्ण अक्षरं. मराठी वाचकाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही, युरोपीय विद्यार्थ्याला तास घालवावा लागतो. शिवाय शंभराहून जास्त चित्रचिन्हं: मेंढी, गहू, ऑलिव्ह, रथ, चाक, बाई, पुरुष. मेंढीच्या चिन्हाच्या दांड्याला दोन आडव्या रेघा मारल्या की नर, दांडा दुभंगला की मादी. आकडे दशमान: उभी रेघ एक, आडवी दहा, वर्तुळ शंभर, किरण असलेलं वर्तुळ हजार. शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही, पण बेरीज करायला ही पद्धत सुटसुटीत आहे, एकेक खूण मोजत जायचं. मापं मात्र दशमान नाहीत. धान्याच्या मोठ्या मापाचे दहा भाग, त्यातल्या प्रत्येकाचे सहा, त्यातल्या प्रत्येकाचे चार. आपल्याकडच्या जुन्या खंडी-मण-पायलीच्या हिशेबांत वावरलेल्याला हे अजिबात विचित्र वाटणार नाही.

लिपी कशी उलगडली ती गोष्ट अनेकदा सांगून झाली आहे, म्हणून दोनच वाक्यं. अॅलिस कोबर यांनी १९४० च्या दशकात शब्दांचे शेवट बदलतात हे दाखवून पाया घातला, आणि १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुरचनाकाराने भाषा ग्रीक असल्याचं जाहीर केलं. भाषाशास्त्रज्ञ जॉन चॅडविक त्यांना पुढे येऊन मिळाले. ज्यांना शंका होती त्यांची तोंडं एका पाटीने बंद केली: ब्लेगन यांना १९५२ मध्ये पायलॉसला सापडलेली, तिवया आणि भांड्यांची यादी. व्हेंट्रिसच्या कोष्टकाने वाचलं तर शब्द ‘चार कानांचं’, ‘तीन कानांचं’, ‘बिनकानाचं’ असे निघत होते, आणि शेजारी काढलेल्या भांड्याच्या चित्राला नेमके तेवढेच कान होते. व्हेंट्रिस १९५६ मध्ये मोटार अपघातात गेला, वय ३४.

आता खऱ्या विषयाकडे, म्हणजे हिशेबाच्या पद्धतीकडे.

क्नोसोसच्या मेंढ्यांपासून सुरुवात करू. तिथे एका गटातल्या पाट्यांवर मिळून लाखाच्या घरात मेंढ्या आहेत. प्रत्येक कळपाला एक लांबट पाटी. डावीकडे ठळक अक्षरांत मेंढपाळाचं नाव, मग आडवी रेघ. वर आकडा आणि कधीकधी त्या कळपाशी संबंधित एखाद्या बड्या माणसाचं नाव, खाली गावाचं नाव. मेंढपाळाचं नाव मोठं काढण्यामागे कारण आहे. पाट्या टोपलीत किंवा पेटीत कडेवर उभ्या रचल्या की चटकन चाळून हवी ती काढता येते. कळपाची संख्या बहुधा शंभर, दोनशे, पन्नास अशी गोल. हे वाचून सुरुवातीच्या अभ्यासकांना वाटलं की एवढ्या गोल संख्या म्हणजे खऱ्या मेंढ्या नसून कराची आकारणी असावी. जॉन किलन यांनी १९६० च्या दशकात कोडं सोडवलं: कळप लोकरीसाठी पाळलेले, बहुतेक खच्ची केलेले नर, आणि राजवाडा प्रत्येक कळपाची ठरलेली संख्या राखत असे. सत्तर हजर असतील तर पुढे तूट तीस असं लिहिलेलं. ‘तूट’ या शब्दासाठी एकच अक्षर पुरत असे, कारण वाचणारा तोच किंवा शेजारचाच. लोकरीचं गणितही बांधलेलं होतं: चार नरांमागे लोकरीचं एक माप, म्हणजे सुमारे तीन किलो. शंभरांच्या कळपाकडून पंचवीस मापं अपेक्षित, त्यातली आली किती आणि राहिली किती हे दुसऱ्या पाट्यांवर. इथे कारकुनाला मेंढी प्रत्यक्ष पाहावीच लागत नव्हती.

अपेक्षित, आलेलं, थकलेलं. ही तीन खाती सगळीकडे आहेत. पायलॉसच्या कराच्या पाट्या पाहा. राज्याचे दोन प्रांत, प्रांतांत मिळून सोळा-सतरा विभाग. प्रत्येक विभागाने सहा जिन्नस द्यायचे. त्यांत एक प्रकारचं साधं कापड आहे, बैलाची कातडी आहेत. सहा जिन्नसांचं प्रमाण सगळीकडे एकच ठेवायचा प्रयत्न दिसतो: ७ : ७ : २ : ३ : दीड : १५०. म्हणजे पहिल्या जिन्नसाची आकारणी २८ असेल तर पुढे २८, ८, १२, ६ आणि ६००. बऱ्याच विभागांत आकडे नेमके बसत नाहीत, मग कारकुनाने जवळची पूर्ण संख्या घेतलेली आहे. आकारणी आधी वरच्या पातळीवर ठरायची आणि मग खाली वाटली जायची, हे या ओढाताणीवरून उघड दिसतं. त्याच पाट्यांवर किती भरलं, गेल्या वर्षाची थकबाकी किती आणि सूट कुणाला तेही आहे. तांबट कित्येक विभागांत सूट घेऊन बसलेत: ‘तांबट देत नाहीत’, इतकं स्पष्ट. ही गोष्ट मला नेहमी आवडते, कारण इथे राजवाडा आपल्याच एका कारागीर गटाला सवलत देतो आणि ती दरवर्षी लक्षात ठेवावी लागते म्हणून लिहून ठेवतो.

लहान पाट्या आणि मोठ्या पाट्या यांचा संबंध जमिनीच्या नोंदींत सगळ्यात चांगला दिसतो. पायलॉसजवळच्या एका धार्मिक गावच्या जमिनींची नोंद दोनदा सापडली आहे. आधी लांबट पाट्यांवर, एका जमीनधारकाला साधारण एक पाटी, ‘हात क्रमांक ४१’ च्या अक्षरात. मग तोच मजकूर वहीच्या पानासारख्या मोठ्या पाट्यांवर क्रमाने मांडलेला, ‘हात क्रमांक १’ च्या अक्षरात. ज्यांनी दुकानाची रोजकीर्द आणि खतावणी पाहिली आहे त्यांना हा प्रकार लगेच ओळखू येईल. मोठी पाटी लिहून झाल्यावरही लहान पाट्या टाकून दिल्या नव्हत्या. आग लागली तेव्हा दोन्ही होत्या.

याच नोंदींत एरिथा नावाची पुजारीण आहे, आणि तिच्यासाठी मी हा अख्खा गट शिकवतो. तिच्या जमिनीची नोंद बाकीच्यांसारखी एका वाक्यात होत नाही. पाटी म्हणते की पुजारीण ही जमीन धरते आणि तिचा दावा असा की ती देवासाठीची खास जमीन आहे, आपल्या शब्दांत इनामासारखी. उलट बाजू म्हणते की तिच्याकडे गावकीच्या जमिनीतला कुळाचा हक्क आहे, बाकी काही नाही. उलट बाजू कोण? कच्च्या, लांबट पाटीवर ‘जमीनधारक’ असं लिहिलंय. पक्क्या पाटीवर त्या जागी ‘दामोस’, म्हणजे गावकी. हात क्रमांक ४१ ने लोकांचं म्हणणं ऐकलं तसं लिहिलं, आणि वरच्या अधिकाऱ्याने ते नीट उतरवताना काही व्यक्तींचा वाद संस्थेच्या नावावर टाकला. निर्णय कुणी दिलेला नाही. दोन्ही म्हणणी आणि जमिनीचं क्षेत्र, एवढंच. क्षेत्र बियाण्याच्या मापात आहे, कारण किती पेरलं जाईल यावरूनच जमीन मोजत. ग्रीक भाषेतला हा आपल्याला माहीत असलेला सर्वांत जुना जमिनीचा वाद, आणि तो नोंदला गेला तो फक्त आकारणी कुणाच्या नावावर टाकायची हा प्रश्न होता म्हणून.

पाटीच्याही खाली एक पायरी असते आणि ती संग्रहालयात बहुतेकांच्या नजरेतून सुटते: मातीच्या गोळ्या. दोरीभोवती चिमूटभर माती दाबायची, तिच्यावर शिक्का उमटवायचा आणि कधी दोन-तीन चिन्हं कोरायची. थीब्जला १९८२ मध्ये अशा ५६ गोळ्या एकत्र सापडल्या. त्यांच्यावर जनावराचं चिन्ह आहे, आणि काहींवर समुद्रापलीकडच्या युबीया बेटावरच्या कारिस्तोस आणि अमारिंथोस या गावांची नावं. एक गोळी, एक जनावर. जनावराबरोबर गोळी यायची आणि राजवाड्यात पोचल्यावर कुणीतरी त्या गोळ्या मोजून पाटी लिहायचा. टोपल्यांच्या चिठ्ठ्याही मातीच्याच. चिठ्ठी ओली असताना टोपलीवर दाबून चिकटवायची; अशा चिठ्ठ्यांच्या मागे वेताच्या विणीचा ठसा आजही दिसतो. टोपलीत काय होतं, तर पाट्या. वर एका शब्दात विषय. वळण पडलेलं दप्तर म्हणतात ते हे.

पायलॉसच्या कामकरी बायकांबद्दलही थोडं सांगायला हवं. सुमारे साडेसातशे बायका, जवळपास तेवढीच मुलं. कापड विणणाऱ्या, दळणाऱ्या, पाणी घालणाऱ्या. काहींच्या गटांची नावं मिलेतस, निडोस, लेम्नोस या पूर्वेकडच्या जागांवरून पडलेली. त्या गुलाम होत्या की नाही यावर अजून वाद आहे. मला त्यांच्याबद्दल ‘स्वतंत्र कामगार’ हा शब्द वापरवत नाही. या गटांची गणना तीन वेगळ्या संचांत येते: एक नुसत्या मोजदादीचा, एक शिध्याचा, आणि एक त्यांच्या वाढलेल्या मुलग्यांचा. शिधा बाईला महिन्याला सुमारे १९ लिटर गहू आणि तेवढेच अंजीर, मुलाला निम्मा. एकाच गटाचे आकडे संचागणिक एक-दोनाने वेगळे येतात. मूल जन्मलं, वारलं, किंवा मुलगा मोठा होऊन दुसऱ्या यादीत गेला. या राजवाड्यातलं सामान्य माणसाचं आयुष्य मला इतक्या जवळून दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही, आणि ते त्या फरकांत दिसतं.

क्नोसोसच्या बैलांची नावंही इथेच नोंदवतो. मेंढ्यांना नाव नाही, पण जोताच्या बैलांच्या पाट्यांवर प्रत्येकाचं नाव आहे: चपळ, तांबूस, काळा, पांढऱ्या पायाचा. बैल राजवाड्याने शेतकऱ्याकडे सोपवायचा तर कोणता ते कळायला हवं.

आता मूळ प्रश्न. कथा, कायदे, पत्रं का नाहीत? मला याची दोन उत्तरं पटतात आणि ती एकमेकांना पूरक आहेत.

एक, ही लिपी फार थोड्या लोकांच्या हातात होती आणि एकाच कामासाठी वापरली जात होती. ती मुळात ग्रीकसाठी बनलेलीच नाही. क्रीटमधल्या लिनिअर ए या आधीच्या लिपीवरून घेतली गेली, आणि ग्रीक शब्दाचे जोडाक्षरी किंवा व्यंजनान्त भाग तिच्यात नीट बसत नाहीत. ‘र’ आणि ‘ल’ साठी एकच चिन्ह, शब्दाच्या शेवटचा ‘स’ गळून जातो. यादीत याने बिघडत नाही, कारण शेजारी चित्र आणि आकडा असतो. कविता किंवा लांब पत्र असं लिहिलं तर वाचणाऱ्याची दमछाक होईल. महाकाव्यं तोंडी होती आणि त्यांना लिहून घ्यायची कुणाला गरजही नव्हती. राजवाडे गेले तेव्हा ही लिपी पूर्ण विसरली गेली, याचंही कारण तेच. बाहेरच्या कुणाला ती येतच नव्हती. पुढे चारेकशे वर्षांनी ग्रीकांनी फिनिशियन लिपीवरून नवी वर्णमाला उचलली आणि या जुन्या लिपीचा त्यांना पत्ताही नव्हता.

दोन, सगळं लेखन मातीवर होतं असं मला वाटत नाही. या चिन्हांना वळणं आहेत, गोलाई आहे. मातीसाठी घडलेली लिपी अशी दिसत नाही, मेसोपोटेमियाची पाहा. पायलॉसच्या दप्तरखोलीत कांस्याच्या लहान बिजागऱ्या सापडल्या. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर उलुबुरुनजवळ बुडालेल्या इ. स. पू. १३०० च्या सुमाराच्या जहाजातून तर बिजागरी लावलेली लाकडी लेखनफळी, मेण भरायच्या खोलगट भागासह, वर आली आहे. तेव्हा वर्षाअखेरीचं पक्कं खातं किंवा परराज्याशी पत्रव्यवहार कातड्यावर वा फळीवर असू शकतो. मात्र इथे मी थांबतो. काही सहकारी या शक्यतेवर अख्खं हरवलेलं साहित्य उभं करतात, ते मला मान्य नाही. कातड्यावरही बहुधा मेंढ्याच होत्या, फक्त दहा वर्षांच्या.

राजांची नावं नाहीत कारण राजवाड्यातल्या माणसाला राजाचं नाव लिहायची गरज नसते. ‘वानाक्स’ म्हणजे राजा, एवढं पुरतं. पण देवांची नावं भरपूर आहेत, कारण नैवेद्याचं तेल आणि मध कोठीतून जात होतं. झ्यूस, हेरा, पोसायडन, आणि डायोनिसससुद्धा. हा देव ग्रीसमध्ये फार उशिरा, बाहेरून आला असं शंभर वर्षं पुस्तकांत लिहिलं जात होतं. ते एका मदिरेच्या हिशेबाजवळच्या नावाने मोडलं. कारकुनाला धर्मेतिहासात काही सांगायचं नव्हतं.

शेवटचा उपप्रश्न, संकटाची चाहूल. पायलॉसला पाच पाट्यांचा एक संच आहे, त्याची सुरुवात ‘पहारेकरी किनारा असा राखत आहेत’ अशा अर्थाच्या वाक्याने होते. मग नायकांची नावं, जागा, तुकड्यांतली माणसं, एकूण सुमारे आठशे. एका पाटीवर प्ल्युरॉन नावाच्या ठिकाणी जाणारे वल्हेकरी आहेत: ८, ५, ४, ६ आणि ७, बेरीज तीस, एका गलबताला बरोबर पुरतील इतके. एका पाटीवर देवळातलं कांसं भाले आणि बाणांच्या टोकांसाठी गोळा करायचं आहे. आणि एक पाटी आहे जी पाहून कुणालाही घाई जाणवते: दोन्ही बाजूंनी वेडंवाकडं लिहिलेली, खोडाखोड, ‘पायलॉस’ हे नाव पुन्हापुन्हा मोठ्या अक्षरात, देवदेवतांना तेरा सोन्याची भांडी आणि सोबत दहा माणसं, आठ बायका आणि दोन पुरुष. यावरून नरबळी, शत्रूची जहाजं आणि शेवटची धावपळ असं चित्र फार लोकप्रिय झालं आहे.

मला ते चित्र पटत नाही. तेरा भांडी आणि दहा माणसं: भांडी वाहून नेणारे आणि देवस्थानाला वाहिलेले सेवक, एवढा साधा अर्थ पुरतो. गिचमीड लिहिलेली पाटी म्हणजे लिहिता लिहिता मसुदा बदलणारा कारकून, आणि अशी पाटी कुठल्याही शांत वर्षी निघू शकते. वल्हेकऱ्यांच्या याद्या जहाजं असलेल्या राज्यात दरवर्षी लागतात. मुख्य म्हणजे त्याच शेवटच्या महिन्यांत त्याच राजवाड्यात थिएस्टेस नावाच्या सुगंधी तेल बनवणाऱ्याला धणे, मध, मदिरा आणि लोकर मोजून दिल्याची नोंद होत होती, जमिनींच्या कच्च्या पाट्या पक्क्या होत होत्या, तांबटांना कांसं वाटलं जात होतं आणि ज्यांना मिळालं नाही त्यांच्यापुढे ‘वाटप नाही’ असं लिहिलं जात होतं. कांस्याची टंचाई होती का? असेल. पण ती दहा वर्षं चालली होती की दहा दिवस, हे एका वर्षाच्या पाट्या सांगू शकत नाहीत. आगीआधी लिहिलेलं सगळंच आपल्याला ‘शेवटचं’ वाटतं, कारण आपल्याकडे आधीच्या वर्षाचं काहीच नाही. किनारा राखणाऱ्यांच्या दोन लागोपाठच्या वर्षांच्या याद्या हाती असत्या, तर माणसं आठशेची बाराशे झाली की तेवढीच राहिली हे बघून काहीतरी म्हणता आलं असतं. एका यादीवरून तो निष्कर्ष काढता येत नाही.